बाळाच्या दारातली तांबडी पेशी

मी रक्तातली एक तांबडी पेशी बोलते आहे. मला नाव नाही. ज्या देहात माझ्यासारख्या अगणित जणी धावत असतात तिथे नाव ठेवणार कोण, आणि ठेवले तरी हाक मारणार कोण? आम्हांला कान नाहीत. पण आवाज म्हणजे शेवटी थरथर, आणि रक्ताइतके चटकन थरथरणारे दुसरे काय आहे? त्या घरात बोललेला प्रत्येक शब्द आमच्यापर्यंत पोहोचत असे. मायेचा शब्द जरा रेंगाळत यायचा, टोमणा मात्र तत्काळ.

जिच्या देहात मी वाढले तिला मी माउली म्हणते. लग्नाला कितीतरी वर्षे लोटल्यावर तिच्या पोटात पहिल्यांदाच जीव रुजला होता. तो नीट जन्माला यावा, एवढे एकच मागणे ती अंथरुणातून उठताना आणि अंथरुणाला पाठ टेकताना देवापाशी मागत असे. तिच्या छातीतून जाताना त्या मागण्याची स्पंदने आम्हांला सतत जाणवत.

माझा जन्म तिच्या कमरेच्या हाडातल्या मज्जेत झाला. त्या अंधाऱ्या, उबदार आश्रमाचा एक कडक नियम आहे. बाहेर पडण्याआधी प्रत्येक तांबड्या पेशीने आपला गाभा टाकून द्यायचा. गाभ्यात आपण कोण, आपली लेकरे कशी होतील, हे सारे साठवलेले असते. तो टाकला की वंश संपला आणि जखम भरून काढण्याची विद्याही संपली. मीही तो टाकला. दुःख झाले नाही. ‘मी’ म्हणणारे आतून निघून गेले की जी जागा रिकामी होते, तिथेच सेवा मावते. त्या जागेत लोहाने भारलेले तांबडे द्रव्य भरून मी निघाले. आयुष्य चार महिन्यांचे, हे निघतानाच ठाऊक होते.

काम सोपे होते. फुप्फुसात जायचे, श्वास उचलायचा, जिथे कुणी भुकेले असेल तिथे ठेवायचा, रिकाम्या अंगाने परतायचे. वाटेत डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, नावाची एक जुनी चौकीदारीण बसलेली असे. ती प्रत्येकीला आपल्या बारीक फटीतून पिळून काढी. अंग लवचीक असेल तर पुढे जाऊ देई. ताठरली असेल तर तिथेच ठेवून घेई. तिची भीती कुणालाच वाटत नसे. थकलेल्यांना विसावा हवाच असतो.

पण माझ्या फेऱ्यांतली सर्वांत आवडती फेरी वेगळी होती. गर्भाशयात वार असते. तिथे आईचे रक्त एका दालनात येऊन उभे राहते, आणि एका पातळ पडद्यापलीकडे बाळाचे रक्त वाहत असते. आईच्या पेशीने पडदा ओलांडायचा नसतो. दारात उभे राहायचे, श्वास ठेवायचा, मागे फिरायचे. गाभाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंतच ज्याची सेवा आहे त्याने आतल्या मूर्तीचे दर्शन मागू नये. मी मागितले नाही. पडद्यापलीकडून एक चिमुकला ठोका ऐकू यायचा, तेवढ्याने मी भरून पावत असे.

माउलीचे घर म्हणजे बर्फाच्या कारखान्याच्या मागे काढलेली एक खोली. कारखान्यात खाऱ्या पाण्याचा मोठा हौद होता. गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे साचे त्या गार खाऱ्या पाण्यात सोडायचे, पाणी गोठले की साखळीच्या यारीने वर उचलायचे, उलटे करून लादी सोडवायची, आणि भुसा व गोणपाट घालून गाडीत सरकवायची. माउलीचा नवरा ती यारी चालवी. सारे त्याला यारीवालाच म्हणत. सासूबाईंचा जन्म याच कामात गेला होता. आता त्या करवतीने लाद्या कापून देत आणि सगळ्यांवर नजर ठेवत. माउली रबरी नळीने साचे भरी.

आणि ती बर्फ खाई. करवतीखालून उडालेले तुकडे उचलून तोंडात टाकी आणि कडाकडा चावी. पोटात बाळ वाढू लागले, की आईचे रक्त पातळ होते, त्यातले लोह कमी पडते, आणि कुणाकुणाला अशी विचित्र भूक लागते. ती भूक आमची होती. आम्ही कमी पडत होतो, आणि तिचे तोंड बर्फ मागत होते.

“अगं, पोर होणार आहे की लादी?” भुसा पसरणारी शेजारीण हसून विचारी. “जन्मल्यावर दुपट्यात गुंडाळू नकोस हो, भुशात गुंडाळ. नाहीतर वितळायचं!”

माउलीही हसे. “वितळणारं नाही ते. लाथा बघा कशा मारतंय.”

“हसा, हसा,” सासूबाई करवत न थांबवता म्हणत. “गारठलं म्हणजे कळेल. आमच्या वेळी आम्ही बर्फ विकला, खाल्ला नाही.”

साचे भरायच्या गोड्या पाण्याचा हौद वेगळा होता; त्याला एके काळी लाकडी झाकण होते. लाद्या गाडीत चढवायला घसरती फळी हवी म्हणून ते कुणीतरी काढून नेले, आणि फळी म्हणून ते गाडीपाशीच राहिले. स्वच्छ, स्थिर, उघडे पाणी. संध्याकाळी माउली नळी गुंडाळायला हौदाशी वाकली, की त्या पाण्यावरून उठलेले डास तिच्या घोट्यांभोवती फिरत.

त्यांतली एक मादी तिच्या घोट्यावर बसली. तिच्याही पोटात अंडी होती. ती वाढायची तर रक्त हवे, आणि रक्त माउलीकडे होते. एक गर्भवती दुसरीचे रक्त प्यायली. पिण्याआधी तिने आपली लाळ सोडली, आणि लाळेतून सुतासारखे बारीक चोर आत आले. मी त्यांना जाताना पाहिले. ते आमच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. सरळ यकृताकडे गेले आणि दिसेनासे झाले.

आठवडाभर काही घडले नाही. माउलीने साचे भरले, बर्फ चावला, देवाला हात जोडले. यकृतात मात्र एकाचे हजारो होत होते. मग एके दिवशी ते बाहेर पडले, आणि या वेळी त्यांना आम्ही हव्या होतो.

चोर पेशीला चिकटतो. अंग फिरवून आपले टोकदार तोंड तिच्याकडे करतो. मग भिंत न फोडता, तिचीच कातडी पांघरून आत शिरतो. एवढे व्हायला दोन-चार श्वासांइतका वेळ पुरतो. माझ्या शेजारून धावणाऱ्या एकीमध्ये तो असा शिरला, आणि ती काही घडलेच नाही अशी पुढे धावत राहिली. आत मात्र त्याने पंगत मांडली होती. आमच्यात असते काय? श्वास धरणारे तांबडे द्रव्य. तेच तो खातो. लोह त्याला पचत नाही; त्याची काळपट राख करून तो कोपऱ्यात टाकतो. दोन दिवसांत तांबड्या घराची राखुंडी होते, आणि एका चोराचे पंधरावीस होतात.

मग ती फुटते. एकटी नव्हे, हजारो जणी जणू एकाच इशाऱ्यावर फुटतात. त्यांची राख, त्यांच्या चिंध्या, चोरांची घाण एकदम रक्तात सांडते. सगळा देह दचकतो. त्या दचकण्याला तुम्ही हुडहुडी म्हणता.

माउलीला ती हौदाशीच भरली. नळी हातातून सुटली, दात वाजू लागले, तिने दोन्ही हातांनी पोट धरले.

“बघा!” सासूबाईंनी करवत खाली ठेवली. “सांगत होते की नाही? खा अजून बर्फ! बर्फाच्या कारखान्यात कुडकुडायला आणखी कारण काय लागतं?”

कुणालाच शंका आली नाही. तिथे सारेच कधी ना कधी कुडकुडत. दुसरीकडे कुठे एखादी बाई भर उन्हात अशी थरथरली असती तर चार माणसे धावली असती. इथे चौघे हसले.

घरी नेईपर्यंत अंग भाजू लागले होते. त्यावरही सासूबाईंपाशी उपाय होता, आणि त्या उपायाचा त्यांना अभिमान होता. त्यांनी बर्फाचे तुकडे फडक्यात बांधून तिच्या कपाळावर, मानेवर, काखेत ठेवले. “आमच्या घरात ताप टिकत नाही. इतरांना डॉक्टर लागतो, आम्हांला लादी पुरते.” थोड्या वेळाने घामाची धार लागली आणि ताप उतरला.

तो आपणहून उतरणारच होता. फुटायच्या होत्या त्या फुटून गेल्या होत्या. बाहेर पडलेले चोर नव्या घरांत शिरून पुन्हा जेवायला बसले होते. आत पंगत चालू होती, बाहेर कपाळ गार होते. श्रेय बर्फाला गेले.

मी सासूबाईंना दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी स्वतःचे, नवऱ्याचे, लेकराचे ताप असेच उतरवले होते, आणि उतरलेला ताप म्हणजे गेलेला आजार, ही त्यांची श्रद्धा होती. पण श्रद्धेला डोळे उघडायला सांगितले की ती ज्या रागाने पाहते, तो राग मी पुढे पाहिला.

ताप दिवसाआड येऊ लागला. दर खेपेला आमच्या राशी पडत. केवळ फुटणाऱ्याच मेल्या असत्या तर देहाने ते सोसले असते. पण पाणथरी घाबरली. चोर ओळखता ओळखता तिला साव ओळखता येईनासा झाला. ज्यांच्या अंगाला चोराचा स्पर्शही झाला नव्हता, त्यांनाही ती संशयाने धरून ठेवू लागली. एका चोरापाठी कितीतरी निरपराध जणी तिच्या फटींतून परतल्याच नाहीत. ती सुजली, जड झाली. माउलीच्या बरगडीखाली सतत दुखू लागले. तिकडे मज्जेत आश्रम ओस पडला. या गोंधळात नव्या पेशी घडवायला कुणाचे हातच चालत नव्हते. मरणाऱ्या पुष्कळ, येणाऱ्या थोड्या. रक्त पाण्यासारखे होत गेले.

साचा भरताना माउली धापा टाकू लागली. तिच्या पापणीआडचा लाल रंग गेला.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “मला जिना चढल्यासारखं होतं, सपाट जमिनीवरसुद्धा.”

“आईला सांगितलंस?”

“त्या म्हणतात, सोंग आहे.”

यारीवाल्याने साखळी ओढली. “मग थोडं बसून घे. आई बघत नसेल तेव्हा.”

घरोघरी जाऊन गरोदर बायका तपासणारी नर्स एके दुपारी आली. तिने माउलीची पापणी खाली ओढली आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

“अहो, ही कागदासारखी पांढरी पडली आहे! ताप येतो का हिला?”

“येतो आणि जातो,” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही राहू देत नाही.”

“थंडी वाजून येतो?”

“बर्फ खाते हो ती. दिवसभर. थंडी वाजणार नाही तर काय होणार?”

नर्सने बोट टोचले आणि थेंब पट्टीवर घेतला. मी तेव्हा दंडातून उतरत होते, माझ्या पुढच्या काही जणी त्या थेंबात गेल्या. त्या निर्दोष होत्या. कारण ज्यांच्यात चोर मोठे झाले होते त्या बोटापर्यंत येतच नव्हत्या. आतला चोर वाढला, की तो पेशीच्या कातडीवर बारीक चिकट गाठी काढतो. अशी पेशी पाणथरीकडे गेली तर पकडली जाईल, हे त्याला कळते; म्हणून तो तिला वाटेतच कुठेतरी भिंतीला डकवून ठेवतो. आणि गर्भवतीच्या देहात त्याला सर्वांत सोयीची भिंत सापडते ती वारेची.

पट्टी स्वच्छ निघाली.

“आज काही दिसत नाही,” नर्स सावकाश म्हणाली. “पण एकदा दिसला नाही म्हणजे नाहीच, असं धरू नका. पोटुशीच्या अंगात हा मलेरिया लपून बसतो. पुढच्या वेळी हुडहुडी भरली, की ताप अंगात असतानाच हिला दवाखान्यात आणा. तापातच तो रक्तात सापडायची शक्यता जास्त. उतरायची वाट बघू नका, बर्फ लावत बसू नका. तिथे मोठ्या यंत्राखाली रक्त नीट बघता येतं. पोराच्या जिवाशी खेळ आहे हा, कळलं ना?”

माउलीने मान हलवली. सासूबाईंनीही हलवली. पण नर्स फाटकाबाहेर पडताच त्या अंगणात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, “ऐकलंत का सगळ्यांनी? रक्त स्वच्छ आहे सूनबाईंचं! आता उद्यापासून थरथरायला दुसरं निमित्त शोधा म्हणावं.”

भुसेवाली या वेळी हसली नाही. “नर्सबाई शेवटी आणखीही काही बोलल्या ना, आजी?”

“तू भुसा बघ.”

त्याच दिवसांत चोर माझ्याकडे आला.

मी फुप्फुसातून नुकताच श्वास घेऊन निघाले होते. काहीतरी अंगाला लागले, वळले, आणि आत आले. मला गाभा नव्हता, म्हणून लढायला काही नव्हते. जी रिकामी जागा मी सेवेसाठी मोकळी केली होती तिथे तो ऐसपैस बसला. आधी अंगठीसारखा बारीक होता. मग तो खाऊ लागला, आणि मला माझेच तांबडेपण कमी होताना जाणवू लागले. कोपऱ्यात काळी राख साचली. अंग ताठरले. मग कातडीवर त्या गाठी उठल्या, आणि ज्या वाटांनी मी आजवर सहज घसरत गेले त्या वाटा मला ओढून धरू लागल्या.

मी वारेच्या दालनात आले, आणि निघू शकले नाही. भिंतीने मला धरले.

आजूबाजूला माझ्यासारख्या असंख्य जणी डकलेल्या होत्या. त्यांना हुसकायला देहाने पाठवलेल्या पांढऱ्या पेशींचीही तिथे दाटी झाली होती. दालन गच्च भरले होते. मागून श्वास घेऊन येणाऱ्या निरोगी बहिणींना पडद्यापर्यंत वाट मिळेना. आणि आमच्यातले चोर आईच्या रक्तातली साखरही बाळाआधी ओरपत होते. दारात दान घेऊन आलेल्यांची रीघ, आणि दारच आम्ही अडवलेले.

आयुष्यभर मी तिथे क्षणभर थांबून परतत आले होते. आता थांबले, तेव्हा बाळ मला नीट कळले. त्याची लाथ पडद्यामागून येई आणि आम्ही साऱ्या हलत असू. त्याचा ठोका पूर्वी घाईघाईने पळणाऱ्या पावलांसारखा होता. तो अडखळू लागला होता. ज्याच्या दर्शनाची आस मी कधी धरली नाही त्याच्या इतक्या जवळ मला बसवले, ते त्याचा श्वास कोंडण्यासाठी. याहून क्रूर कृपा कुणी ऐकली असेल तर मला सांगावी.

पुढची हुडहुडी दुपारी भरली. माझ्यातला चोर मागून आलेला होता, म्हणून त्या खेपेला मी फुटले नाही. माउली भिंतीला धरून यारीपाशी गेली.

“अहो, चला. ताप चढतोय. नर्सबाई म्हणाल्या होत्या, असाच घेऊन या.”

यारीवाल्याने वर टांगलेल्या साच्याकडे पाहिले. “एवढी लादी उतरवतो. आईला विचारतो.”

“विचारू नका ना. आज नका विचारू. बाळ सकाळपासून नीट हललं नाही.”

पण सासूबाई येऊन उभ्या होत्या. “कुठं निघालात जोडीनं?”

“दवाखान्यात, आई,” माउली म्हणाली. “ताप आहे तोवर दाखवायचाय.”

“ताप दाखवायला तो काय दागिना आहे? तिकडे पोचेपर्यंत उतरेल, मग ती बाई म्हणेल, खोटारडी माणसं आहेत. एकदा रक्त तपासलं, स्वच्छ निघालं. किती वेळा टोचून घ्यायचंय?” त्यांनी तिचा दंड धरला. “चल, आडवी हो. पोटातल्या पोराला भाजून काढशील.”

माउलीला खाटेवर निजवले. सासूबाईंनी फडक्यात बर्फ बांधला. तो कपाळाजवळ येताच माउलीने हात आडवा धरला. अंग निखाऱ्यासारखे तापलेले आणि डोळ्यांतून पाणी.

“आई, नका लावू. पाया पडते. आज एवढा ताप राहू द्या अंगात. दिसू दे त्यांना.”

“ताप राहू द्या म्हणे! ऐकलंस का रे?” सासूबाईंनी लेकाकडे पाहिले. “वेडी झाली आहे तापानं. हात धर तिचे.”

यारीवाला दारात उभा होता. त्याने एकदा आईकडे पाहिले, एकदा बायकोकडे. मग तो आत आला आणि त्याने तिचे हात धरले.

बर्फ कपाळावर आला, मानेवर आला, काखेत आला. माउली थोडा वेळ हिसके देत राहिली. मग तिने डोळे मिटले आणि तिचे ओठ हलू लागले. ती तेच आपले एक मागणे मागत होती. बर्फ वितळून उशी भिजली, घाम सुटला, ताप उतरला. यारीवाल्याने तिच्या कपाळावर हात ठेवला.

“गार आहे की आता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. तो कामावर गेला.

त्या वेळी पडद्यापलीकडे बाळाने एकदा पाय हलवला. मी वाट पाहिली. पुन्हा त्याने हलवला नाही.

त्याच रात्री, दिवस भरायला बराच अवकाश असताना, माउलीला कळा सुरू झाल्या. मग मात्र धावपळ झाली. बर्फाच्या गाडीत ओल्या गोणपाटावर तिला निजवून दवाखान्यात नेले. बाळ जन्मले ते मूठभर, निळसर आणि निःशब्द. त्याला उलटे धरले, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. ज्याच्या दारात श्वासच पोहोचला नव्हता त्याच्याजवळ रडायला तो कुठून असणार? थोड्या वेळाने डॉक्टरांनी हात थांबवले.

मागाहून वार आली आणि तिच्याबरोबर मी. ताटलीत, दिव्याच्या उजेडात. तांबडीलाल असायची ती वार राखेने काळवंडली होती. डॉक्टरांनी तिचा थेंब काचेवर घेतला, शेजारच्या टेबलावरच्या यंत्राखाली धरला, आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग त्यांनी यारीवाल्याला बोलावले. ताटली जिथे होती तिथेच, दाराआड, दोघे बोलले.

“मलेरिया होता बायकोला. वार भरून गेली आहे नुसती. किती दिवस ताप येत होता?”

“येत होता... पण आम्ही उतरवत होतो.”

“कशानं?”

यारीवाला खाली पाहत राहिला. “बर्फानं.”

“बर्फानं कातडी गार होते, बाबा. रक्तातलं काही मरत नाही त्यानं. आधी आणली असती तर मूल हाती लागलं असतं. असू दे. आता तिला वाचवायची आहे. तिच्या अंगात तो अजून आहे. या गोळ्या घ्या. पहिली आत्ताच द्यायची, बाकीच्या सांगितल्या वेळेला, एकही चुकवायची नाही. आणि तिला नीट समजावून सांगा. तिचा काही दोष नाही, हेही सांगा. बायका मनाला लावून घेतात.”

“हो,” यारीवाला म्हणाला.

तो पलीकडे गेला, दार उघडेच राहिले, आणि तिथला शब्द न् शब्द ताटलीपर्यंत येऊ लागला. खाटेवर माउली जागी होती. सासूबाई पायथ्याशी बसून पदराने डोळे पुसत होत्या. त्यांचे रडणे खरे होते. पण रडता रडता त्यांनी जे म्हटले तेही त्यांना खरेच वाटत होते.

“किती वेळा सांगितलं तुला, बर्फ खाऊ नकोस. पोटातल्या पोटात गारठवलंस गं त्याला. निळं पडलं होतं पोर, बघितलंस ना? आपल्या दातांनी चावलंस.”

माउलीने नवऱ्याकडे पाहिले. “डॉक्टर काय म्हणाले?”

साऱ्या जगात त्या घडीला एकच माणूस होता, ज्याच्या तोंडात ते उत्तर होते. एक वाक्य. मी त्या वाक्याची जितकी वाट पाहिली तितकी माझ्या सुटकेचीही पाहिली नव्हती. यारीवाल्याने आईकडे पाहिले. तिचे हात अजून गोणपाटाच्या ओल्या भुशाने माखलेले होते. त्याच हातांनी बर्फ बांधला होता, आणि याच्या हातांनी बायकोचे हात धरले होते.

“विशेष काही नाही,” तो म्हणाला. “अशक्तपणा. आई म्हणते तसंच काहीतरी.”

त्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि तळहातावर गोळी धरली.

“ही कसली?”

“ताकदीची.”

माउलीने गोळीकडे पाहिले. मग तिने मान भिंतीकडे वळवली. “ज्याला ताकद हवी होती तो गेला. मला कशाला? ठेवून द्या.”

“घे म्हणतोय ना.”

“नको. मी माझ्या तोंडानं खायचं ते खाऊन बसले.” तिने पांघरुणाखाली हात जोडले. ती देवापाशी क्षमा मागू लागली. न केलेल्या अपराधाची क्षमा मागणाऱ्याला देव तरी काय देणार?

यारीवाल्याने गोळी पुडीत टाकली, पुडी खिशात ठेवली. आग्रह केला असता तर कारण सांगावे लागले असते.

आता माझी शेवटची घटका आहे. ताटली थंड पडली आहे, आणि माझ्यातला चोरही उपाशी मरतो आहे. त्याचे मला सुखदुःख नाही. पण माझ्या कितीतरी बहिणी अजून तिच्या अंगात फिरत आहेत, त्यांच्यातले चोर जेवत आहेत, आणि दोन दिवसांनी त्या पुन्हा फुटतील. तेव्हा तिला हुडहुडी भरेल, आणि सासूबाई लादी फोडायला उठतील.

वाचकहो, मला तोंड नाही, तुम्हांला आहे. तुमच्या घरी पोटुशी बाई थंडीने कापू लागली, तर तिच्या कपाळाला हात लावून निर्धास्त होऊ नका. ताप अंगात आहे तोवर तिला उचला आणि न्या. आणि कारखान्यामागच्या त्या खोलीवरून कधी गेलात, तर दार वाजवा. सासूबाई असल्या तरी वाजवा. खाटेवरच्या बाईला सांगा, की बाळ बर्फाने गेले नाही, तिच्या दातांनी गेले नाही. आणि तिने काही विचारायच्या आत सांगा, की नवऱ्याच्या खिशातल्या गोळ्या ताकदीच्या नाहीत. त्या तिने आजपासूनच घ्यायच्या आहेत.